सत्यवादी पाळककन्या ॲन ब्राँटे

थोर स्त्री-पुरुषांचीं चरित्रें आपल्या वार्षिकांत दरसाल येत असतात. रणांगणावरचे वीर, समुद्र ओलांडून गेलेले मिशनरी, रुग्णसेवेंत देह झिजविणाऱ्या परिचारिका अशांची ओळख त्यांतून आम्ही बहुधा करून देत असतों. यंदा जिचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तिनें ह्यांपैकीं कांहींच केलें नाहीं. ती अवघीं एकोणतीस वर्षें जगली. त्यांतील बहुतेक काळ एका डोंगराळ गांवच्या पाळकगृहांत आणि परक्यांच्या मुलांना शिकविण्यांत गेला. दोन कादंबऱ्या व कांहीं कविता एवढीच संपत्ति तिनें मागें ठेविली. परंतु त्या दोन कादंबऱ्यांपैकीं एकींत तिनें जी गोष्ट सांगितली, ती तिच्या काळीं सभ्य लोक चारचौघांत उच्चारीत नसत, आणि आजहि पुष्कळ घरांतून ती उच्चारली जात नाहीं. बाहेरून प्रतिष्ठित दिसणाऱ्या घरांत पत्नीचा व मुलांचा छळ कसा चालतो, तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असूनहि त्यांस कां दिसत नाहीं, आणि अशा स्त्रीला कोणी व कसा हात द्यावा, ही ती गोष्ट होय. विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या आईबापांनीं ती सारख्याच आस्थेनें वाचावी, अशी आमची इच्छा आहे.

ॲनचा जन्म १७ जानेवारी १८२० रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतीं थॉर्नटन ह्या गांवीं झाला. तिचे वडील रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे हे आयर्लंडांतील एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र. स्वतःच्या हिमतीवर शिकत शिकत ते केंब्रिजच्या विद्यापीठापर्यंत पोंचले व पुढें अँग्लिकन मंडळींत पाळक झाले. आई मराया ही इंग्लंडच्या दक्षिण टोंकाकडील पेन्झान्स येथील. सहा भावंडांत ॲन सर्वांत धाकटी. ती कांहीं महिन्यांची असतांनाच वडिलांची नेमणूक हॉवर्थ ह्या गांवीं झाली व कुटुंब तेथें राहावयास गेलें. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १८२१ मध्यें, आई वारली. तेव्हां मावशीनें आपलें घरदार सोडून येऊन ह्या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. १८२५ सालीं दोघी थोरल्या बहिणी शाळेंत आजारी पडल्या आणि घरीं येऊन एकीमागून एक मरण पावल्या. मागें उरलीं शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. पाळकगृहाच्या पुढें कबरस्तान व मागें दूरवर पसरलेला ओसाड माळ, अशा त्या घरांत हीं चार मुलें वाचीत, चित्रें काढीत, कल्पनेचीं राज्यें रचीत आणि इवल्याशा वह्यांत त्यांचे इतिहास लिहून ठेवीत.

ॲन स्वभावानें अत्यंत शांत होती. पंधराव्या वर्षीं तिला रो हेड येथील शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथें १८३७ सालीं तिला मोठें दुखणें आलें, आणि त्या वेळीं मनावर पापाच्या व शिक्षेच्या विचारांचें दडपण होतें. मोरेव्हियन मंडळीचे ला ट्रोब नांवाचे एक पाळक तिला भेटावयास येत. देवाची दया ही भयापेक्षां मोठी आहे, ही त्यांची शिकवण तिच्या मनांत खोल रुजली आणि जन्मभर तिच्याबरोबर राहिली. तिची श्रद्धा मऊ होती, पण लेचीपेची नव्हती, हें पुढें दिसून येईल.

पाळकाच्या तुटपुंज्या वेतनांत चार मुलांचा निर्वाह कायमचा चालणें शक्य नव्हतें. म्हणून १८३९ सालीं ॲननें मरफील्डजवळील ब्लेक हॉल येथें मुलांची शिक्षिका म्हणून नोकरी धरली. ती वर्षअखेर सुटली. १८४० च्या मे महिन्यापासून तिनें यॉर्क शहराजवळील थॉर्प ग्रीन येथें एका श्रीमंत कुटुंबांत तेंच काम पतकरिलें, आणि तेथें ती पांच वर्षें टिकली. श्रीमंतांच्या घरीं राहून मुलांस शिकविणाऱ्या स्त्रीची स्थिति त्या काळीं मोठी विचित्र असे. घरच्या मंडळींत तिला स्थान नसे व नोकरांतहि नसे. त्यामुळें तिच्यासमोर कोणी संकोच ठेवीत नसे. जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढें जें गोड बोलणें चाले तेंहि तिच्या कानीं पडे, आणि पाहुणे गेल्यावर जें बोलणें चाले तेंहि पडे. ॲननें तें सर्व पाहिलें, ऐकलें व मनांत सांठविलें. १८४५ सालीं नोकरी सोडून आल्यावर तिनें आपल्या एका खासगी टिपणांत लिहून ठेविलें कीं, ह्या नोकरींत मनुष्यस्वभावाचा फार अप्रिय व स्वप्नींहि न आलेला अनुभव आपणांस मिळाला.

ह्याच सुमारास हॉवर्थच्या पाळकगृहांत एक प्रसंग घडला. नोव्हेंबर १८४० मध्यें शेजारच्या कीथली गांवच्या सहायक पाळकाची पत्नी रेव्हरंड ब्राँटे ह्यांच्याकडे आली. पति दारूबाज, उधळ्या व दुराचारी असून आपली व मुलांची दुर्दशा करितो, हें तिनें त्यांस सांगितलें. त्या काळच्या समजुतीप्रमाणें पाळकानें तिला काय सांगावयाचें? सहन करावें, प्रार्थना करावी, पतीची आज्ञा मोडूं नये, आणि घरचें गाऱ्हाणें बाहेर नेऊं नये, हेंच. त्यांतून ज्याच्याविषयीं तक्रार तो स्वतः धर्मोपदेशक! मंडळीची अब्रू राखावयाची, तर हें प्रकरण झांकणेंच सोयीचें होतें. परंतु रेव्हरंड ब्राँटे ह्यांनीं तिचें सर्व ऐकून घेतलें, त्यावर विश्वास ठेविला, आणि पतीला कायमचें सोडून, जाण्यास घर असेल तर त्या घरीं निघून जावें, असा तिला स्पष्ट सल्ला दिला.

जाण्यास घर असेल तर, ही त्या सल्ल्यांतील अट वाचकांनीं ध्यानांत धरावी. तशी मुभा तिला त्या वेळीं लाभली नाहीं, असें पुढील हकीकतीवरून दिसतें. पति तिला फिरवीत राहिला, आणि शेवटीं त्यानेंच तिला दोन मुलांसह मँचेस्टर येथें परक्या बिऱ्हाडांत, आजारी व एकहि पैसा जवळ नसलेल्या स्थितींत टाकून दिलें. एप्रिल १८४७ मध्यें ती पुन्हा एकदां पाळकगृहाच्या दाराशीं आली. चेहरा फिकट व झिजलेला, पण कपडे स्वच्छ, आणि बरोबर तिची लहान मुलगी. ती आजारांतून उठली होती, आणि मँचेस्टरांत भाडेकरूंसाठीं खाणावळवजा बिऱ्हाड चालवून मुलांचें पोट स्वतःच्या कष्टानें भरीत होती. ॲन तेव्हां घरींच होती. ह्या बाईच्या हकीकतीचा आणि ॲनच्या दुसऱ्या कादंबरीचा संबंध असावा, असें अनेक अभ्यासकांस वाटतें.

दुसरें दुःख तर पाळकगृहाच्या भिंतींच्या आंतच होतें. भाऊ ब्रॅनवेल हा बुद्धिमान तरुण. ॲनच्याच शिफारशीनें त्याला १८४३ सालीं थॉर्प ग्रीन येथें शिक्षकाची जागा मिळाली. जुलै १८४५ मध्यें तेथून तो अपमानानें काढला गेला. घरीं आल्यावर त्यानें दारू व अफू जवळ केली. पुढचीं तीन वर्षें त्या घरानें काय सोसलें तें सांगवत नाहीं. वृद्ध पिता रात्रीं त्याला आपल्याच खोलींत निजवीत, कारण त्याच्या हातून काय घडेल ह्याचा नेम नव्हता. व्यसन मनुष्याला कसें पोखरतें, आणि त्याची झळ घरांतील प्रत्येकास कशी लागते, हें ॲननें पुस्तकांत वाचलें नव्हतें. शेजारच्या खोलींत ऐकलें होतें.

लेखनाकडे वळण्यास तिघी बहिणींना हाच काळ मिळाला. १८४६ सालीं त्यांनीं स्वतःच्या खर्चानें कवितांचें एक पुस्तक काढलें. स्त्रियांच्या लेखनाचा न्याय सरळ होत नाहीं, म्हणून करर, एलिस व ॲक्टन बेल हीं पुरुषांचीं वाटावीं अशीं नांवें त्यांनीं घेतलीं. वर्षभरांत त्या पुस्तकाच्या दोनच प्रती खपल्या. तरी त्या खचल्या नाहींत. १८४७ सालीं शार्लटची ‘जेन आयर’, एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ अशा तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. ‘ॲग्नेस ग्रे’ ही शिक्षिकेच्या जीवनाची साधी, खरी कथा आहे. आणि जून १८४८ मध्यें ॲनची दुसरी कादंबरी निघाली. तिचें नांव ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’, म्हणजे वाइल्डफेल हॉल ह्या वाड्यांत भाड्यानें राहणारी स्त्री.

ह्या कादंबरीची रचना मोठ्या विचारानें केलेली आहे. वाचकाला प्रथम घरांतील छळ दाखविलेला नाहीं. दाखविला आहे तो गांव. एका पडक्या वाड्यांत एक अनोळखी तरुण बाई आपल्या पांच वर्षांच्या मुलासह राहावयास येते. ती आपणांस विधवा म्हणविते. मागच्या आयुष्याविषयीं कोणी विचारल्यास विषय बदलते. मुलाला क्षणभरहि नजरेआड होऊं देत नाहीं. ती चित्रें काढून लंडनला विकावयास पाठविते, पण त्यांवर आपलें खरें नांव घालीत नाहीं, आणि चित्रांतील जागेचेंहि नांव खोटें लिहिते. शेजाऱ्यांच्या घरीं कोणी त्या मुलापुढें मद्याचा पेला धरतांच तें भयानें मागें सरकतें. आतां इतकीं चिन्हें पाहून गांवानें काय ओळखावें? ही बाई कोणापासून तरी लपली आहे, तिला भय आहे, तिच्या मुलानें मद्यापायीं कांहीं भयंकर पाहिलें आहे, हें ओळखावें. परंतु गांव ओळखतो तें निराळेंच. मुलाला ती मुलीसारखें बुळें करीत आहे, म्हणून तिला हसतात. तिचें वागणें संशयास्पद आहे, घरमालकाशीं तिचे कांहीं संबंध असावेत, अशी कुजबूज बायकांत सुरू होते. गांवचे वृद्ध पाळक मिलवर्ड हे ती कुजबूज खरी मानून तिच्या घरीं जाऊन तिलाच उपदेश करून येतात. जीं चिन्हें संकटाचीं, तीं गांवाला पापाचीं वाटलीं. आम्हांस वाटतें, ॲनच्या निरीक्षणांतील हें सर्वांत बोंचक निरीक्षण होय, आणि त्यांत आपण सर्वांनीं आपलीं तोंडें पाहावीं.

पुढें त्या स्त्रीच्या रोजनिशींतून खरा प्रकार उलगडतो. तिचें नांव हेलन. मावशीचा इशारा न ऐकतां तिनें हंटिंग्डन नांवाच्या देखण्या, श्रीमंत तरुणाशीं लग्न केलें. आपल्या प्रेमानें व प्रार्थनेनें तो सुधारेल अशी तिची खात्री होती. तो सुधारला नाहीं. महिनोन्‌महिने तो लंडनांत राही, मित्र जमवून घरांत मद्याचे धिंगाणे घाली, परस्त्रीशीं संबंध ठेवी, आणि चार माणसांत पत्नीला टोंचून बोले. लहानग्या मुलास मद्य पाजून त्याच्या तोंडीं शिव्या घालण्यांत त्याला मौज वाटे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मारहाणीचे वळ हेलनच्या अंगावर नाहींत. कोणी पुरावा मागितला तर दाखवावयास तिच्याजवळ कांहीं नाहीं. पण ती पळून जाण्याचा बेत करीत आहे हें तिची रोजनिशी बळजबरीनें वाचून पतीला कळतें, तेव्हां तो तिचे रंग, कुंचले व चित्रें आगींत टाकितो, तिच्या किल्ल्या व पैसा काढून घेतो, आणि महिन्याला हातखर्चाची अल्प रक्कम ठरवून देतो. जी विद्या तिला पोटाला मिळवून देणार होती, तीच त्यानें प्रथम जाळली. हात न उगारतांहि मनुष्य दुसऱ्याला कसा कैद करूं शकतो, ह्याचें इतकें नेमकें वर्णन त्या काळच्या साहित्यांत क्वचितच सांपडेल.

अंगावरचा मारहि ॲननें झांकून ठेविला नाहीं. हेलनची मैत्रीण मिलिसेंट हिचा पति हॅटर्स्ले हा पाहुण्यांच्या देखत तिचा हात पिरगाळतो व तिला ढकलून देतो. मिलिसेंट मात्र आईला लिहितांना सर्व सुखरूप असल्याचें लिहिते, कारण आईला ह्या श्रीमंत स्थळाचा अभिमान. आणि पतीपुढें तर ती हूं कीं चूं करीत नाहीं. ह्या मौनाचा परिणाम काय होतो? पत्नी कांहीं बोलत नाहीं, तेव्हां तिला कांहीं वाटत नसावें, अशी हॅटर्स्ले स्वतःची समजूत करून घेतो. शेवटीं हेलन मिलिसेंटचीं पत्रें त्याच्यापुढें ठेविते, तेव्हां त्याला आपल्या कृत्याची लाज वाटते व तो खरोखर बदलतो. हंटिंग्डन मात्र मरेपर्यंत बदलत नाहीं. एक पति बदलला म्हणून दुसराहि बदलेल, असा भरंवसा ॲन देत नाहीं. सुधारणा झालीच तर ती शब्दांवरून नव्हे, वर्तनावरून ओळखावी, असें तिचें सांगणें दिसतें.

आतां त्या काळचा कायदा काय होता, हें सांगितल्याशिवाय हेलनच्या धैर्याची कल्पना येणार नाहीं. १८४८ सालीं इंग्लंडांत विवाह होतांच स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई. तिनें स्वतः कमावलेला पैसाहि कायद्यानें त्याचाच. मुलांवर अधिकार पित्याचा. १८३९ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला मिळाली होती, पण त्यासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागे. पतीचें घर मुलासह सोडून पळणारी हेलन ही कायद्याच्या दृष्टीनें अपराधीच ठरण्याजोगी होती.

अशा स्थितींत ती सुटली कशी? एकटी सुटली नाहीं. तिचा भाऊ लॉरेन्स ह्यानें वाइल्डफेल हॉलमधील खोल्या तिच्यासाठीं नीट करून ठेविल्या, आणि ती आपली बहीण आहे हें गांवांत कोणास कळूं दिलें नाहीं. ज्याच्याशीं गांवानें तिचें नांव जोडलें तो घरमालक तिचा सख्खा भाऊ होता, आणि आपल्या अब्रूवर शिंतोडे उडत असतांहि तो मुकाट राहिला. जुनी दाई रेचल ही पगाराचा विचार न करितां तिच्याबरोबर निघाली. घरांतील एका जुन्या नोकरानें तिचें सामान गुपचूप गाडीच्या ठाण्यावर पोंचविलें. कोणी मोठे पराक्रम केले नाहींत. एकानें घर दिलें, एकीनें सोबत दिली, एकानें ओझें वाहिलें, आणि तिघांनींहि तोंड मिटून ठेविलें. कीथलीच्या त्या दुर्दैवी बाईला जें मिळालें नाहीं, तें जाण्यास घर ॲननें आपल्या हेलनला मिळवून दिलें. कथेंतील पाळक मिलवर्ड ह्यांनीं गांवचें ऐकून बाईला उपदेश केला. तिच्या स्वतःच्या वडिलांनीं बाईचें ऐकून तिला वाट दाखविली. धर्माधिकारी दोन्हीकडे एकाच वेषाचे. पण कोणाचें ऐकावें, ह्या एका निवडीनें दोघांच्या सेवेंत जमीन-अस्मानाचें अंतर पडलें.

कथेच्या शेवटाकडे हंटिंग्डन घोड्यावरून पडून अंथरुणास खिळतो, तेव्हां हेलन आपण होऊन त्याची शुश्रूषा करावयास परत जाते. पुष्कळांना हें वाचून वाटतें कीं, शेवटीं पत्नीनें सोसावें हाच बोध. परंतु मुलाची भेट घडविण्यापूर्वीं ती काय करिते तें पाहा. मुलगा आपल्याच ताब्यांत राहील, असें ती पतीकडून लेखी लिहवून त्यावर त्याची सही घेते. क्षमा करणें हा ख्रिस्ती मनुष्याचा धर्म आहे. परंतु क्षमा करणें म्हणजे मुलाला पुन्हा त्याच आगींत लोटणें नव्हे, हा भेद ह्या शांत पाळककन्येला पक्का समजला होता. आमच्या मंडळ्यांतून क्षमेचा उपदेश पुष्कळ होतो. त्याबरोबर हा भेदहि शिकविला जावा, असें आम्हांस नम्रपणें वाटतें.

कादंबरी खपली, थोड्याच आठवड्यांत दुसरी आवृत्ति काढावी लागली. पण टीकाकार संतापले. असले गलिच्छ प्रसंग रंगविण्यांत लेखकाला रस आहे, हें पुस्तक मुलींच्या हातीं पडूं नये, असा सूर निघाला. ॲननें दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना जोडून शांतपणें उत्तर दिलें. तिचा आशय असा कीं, दुर्गुण व दुर्गुणी माणसें जशीं असतात तशीं दाखवावीं. खांचखळगे फुलांनीं झांकून ठेवण्यापेक्षां ते तरुण वाटसरूंस उघड दाखविणें हेंच बरें. आणि एखाद्या अविचारी तरुणाला वा तरुणीला जरी ह्यामुळें सावध होतां आलें, तरी लिहिल्याचें सार्थक झालें. सख्खी बहीण शार्लट हिलादेखील हा विषय निवडण्यांत चूक झाली असें वाटे, आणि ॲनच्या मृत्यूनंतर तें पुस्तक पुन्हा छापण्यास ती राजी नव्हती. १८५४ सालीं जी स्वस्त आवृत्ति निघाली तींत मजकूर बराच गाळलेला होता, आणि पुढें पुष्कळ वर्षें लोक तीच छाटलेली प्रत वाचीत राहिले. घरांतील छळ झांकण्याची संवय ज्या समाजाला असते, तो त्याविषयीं लिहिलेलें पुस्तकहि झांकतो.

ॲनचें आयुष्य आतां थोडेंच उरलें होतें. २४ सप्टेंबर १८४८ रोजीं ब्रॅनवेल वारला. १९ डिसेंबरला एमिली क्षयानें गेली. जानेवारींत डॉक्टरांनीं ॲनलाहि तोच रोग असल्याचें सांगितलें. समुद्राची हवा मानवेल ह्या आशेनें मे १८४९ मध्यें ती शार्लट व एक मैत्रीण ह्यांच्यासह स्कारबरो येथें गेली. थॉर्प ग्रीनच्या दिवसांत पाहिलेला तो समुद्र तिला फार प्रिय होता. तेथेंच २८ मे रोजीं, अखेरपर्यंत शुद्धींत व शांतचित्त असतां, तिनें देह ठेविला. आठ महिन्यांत तिसरें अपत्य गमावलेल्या वृद्ध पित्याला आणखी एका प्रेतयात्रेचें दुःख नको, म्हणून तिला स्कारबरो येथेंच पुरण्यांत आलें. तिच्या कबरेच्या दगडावर वय अठ्ठावीस असें चुकून कोरलें गेलें.

पुढें इंग्लंडांतील कायदे हळूहळू बदलले. १८७० सालीं पत्नीच्या कमाईवर तिचा हक्क मान्य झाला. १८७८ सालीं क्रूर मारहाणीबद्दल दोषी ठरलेल्या पतीपासून विभक्त राहण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांस मिळाला, व १८८२ सालीं विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क आला. हें सर्व एकट्या ॲनमुळें झालें असें म्हणणें सत्यास सोडून होईल. त्यासाठीं अनेक स्त्री-पुरुष झगडले. परंतु ज्या गोष्टी कायद्यानें पुढें ओळखल्या, त्या तिनें आधीं ओळखल्या होत्या, हें निश्चित.

आपल्या देशांत सन २००५ मध्यें कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलांत आला. त्यांत केवळ मारहाणच हिंसा मानलेली नाहीं. लैंगिक अत्याचार, शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ, आणि पैसा व उपजीविकेचीं साधनें हिरावून घेणें हीहि हिंसाच होय. हेलनचे कुंचले जाळणारा हंटिंग्डन ह्या कायद्याच्या कक्षेंत आला असता. स्त्रीला राहत्या घरांत राहण्याचा हक्क त्यानें दिलेला आहे. आणि आपणां सर्वांच्या दृष्टीनें महत्त्वाचें असें कीं, छळ होत आहे असें मानण्यास कारण असणारा कोणीहि मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास तशी खबर देऊं शकतो. सद्‌हेतूनें दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर कसलीहि जबाबदारी येत नाहीं. आपल्याला काय करावयाचें आहे, हें म्हणण्यास कायद्यानें आतां जागा ठेविलेली नाहीं.

तेव्हां वाइल्डफेलच्या शेजाऱ्यांनीं जें केलें नाहीं, तें आपण करावें. जी बाई मंडळींत, सणांत, बाजारांत येईनाशी झाली आहे. जी वळ दिसतांच पडल्याचें निमित्त सांगते. जिच्या हातांत भाजीपुरताहि पैसा नसतो. पति जवळ येतांच जिचें बोलणें तुटतें. जिला माहेरीं पत्र वा निरोप धाडतां येत नाहीं. तिच्याविषयीं अनुमानें काढण्यापूर्वीं तिला एकांतांत, आदरानें विचारावें. तिनें सांगितलें तर विश्वास ठेवावा. तें गांवभर करूं नये, आणि तिच्या संमतीवांचून पतीला जाब विचारण्यासहि धांवूं नये. कारण सुटकेचा बेत फुटतो ती वेळ अशा स्त्रीला सर्वांत धोक्याची असते. तिचीं महत्त्वाचीं कागदपत्रें जपून ठेवणें, तिला दवाखान्यांत नेणें, रात्रीं-अपरात्रीं दार ठोठावल्यास तें उघडणें, हें प्रत्येक शेजाऱ्याला साधण्याजोगें आहे. स्त्रियांच्या साहाय्यासाठीं १८१, मुलांसाठीं १०९८ आणि तत्काळ धोका असेल तेव्हां ११२ ह्या क्रमांकांवर दूरध्वनि करतां येतो.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं, अथवा शेजारीं बसणाऱ्या सोबत्याच्या घरीं, असें कांहीं चालत असेल तर तो दोष तुमचा नव्हे, आणि तें गुपित एकट्यानें वाहण्याचें ओझेंहि तुमचें नव्हे. शाळा सुटल्यावर घरीं जावयास जो टाळतो, मोठ्यानें हांक मारतांच जो दचकतो, त्याला हसूं नका. ज्यांच्यावर तुमचा भरंवसा आहे अशा शिक्षकांस, पाळकांस वा नातलगांस सांगा. एकानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्यास सांगा. स्वतः भांडणांत मध्यें पडूं नका.

आणि आईबापांस आमची एवढीच विनंती कीं, मुलीचें लग्न करून देतांना तिच्यासाठीं आपलें दार कायमचें उघडें आहे, हें तिला स्पष्ट शब्दांत सांगावें. मिलिसेंटची आई तेवढें बोलली असती तर तिच्या मुलीला खोटीं पत्रें लिहावीं लागलीं नसतीं. गांजलेल्यांचें रडणें ऐकणारा देव आपणांसहि तें ऐकण्यास कान देवो, आणि त्यांच्यासाठीं घरांत जागा करण्याची बुद्धि देवो.